पंच्यावरून धरलेला पाय

गेल्या पावसाळ्यापासून माझे खुबे आखडले आहेत. खुर्चीवरून उठलो की थोडा वेळ कमरेत वाकूनच चालतो. पायाच्या नखांना हात पोचत नाही. दवाखान्यातली एक बाई घरी येऊन व्यायाम शिकवून गेली. उताणं निजायचं, गुडघा दुमडून छातीकडे घ्यायचा, मग तो हळूच बाहेरच्या बाजूला पाडायचा. ताण बसेल तिथे थांबायचं, श्वास सोडायचा, आणि मग आणखी थोडा पाडायचा. घरात मी एकटाच असतो. सकाळी कॉटवर पडून हे सगळं करतो.

मुंबईहून मुलाचा फोन येतो तेव्हा तो विचारतो, व्यायाम चाललाय ना. आणि वर म्हणतो, "बाबा, आईसारखा हट्ट करू नका."

त्याची आई, म्हणजे माझी बायको, व्यायाम करून घ्यायला तयार नव्हती, म्हणून तिचा पाय जन्मभर तसाच राहिला, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. मुलगा, सून, नातवंडं, सगळे. ही समजूत घरात आणली ती मी. माझी आई गेली, भाऊ-भावजय गेले, आणि तीन पावसाळ्यांमागे तीही गेली. खरं काय झालं ते माहीत असलेला आता मीच उरलो आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी रत्नागिरी बंदरावर आगबोटीच्या कचेरीत तिकिटं फाडायला होतो. मुंबईची आगबोट लागली की बंदरावर जत्रा, आणि पावसाळ्यात दर्या खवळला की आगबोट बंद, कचेरी बंद. मग गणपतीच्या सुमारापर्यंत मी भाट्याच्या खाडीच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत घरी असे. भात लावायचं, गुरांना चारा आणायचा आणि पाऊस ऐकत बसायचं.

त्यातल्या एका सालच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण झालं. मूल हाती लागलं नाही. तिला ताप भरला आणि ती कितीतरी दिवस एका कुशीवर पडून होती. ताप उतरला, पण उजवा पाय खुब्यात आखडला. ती उभी राही, लंगडत चाले. मात्र खाली बसता येईना. मांडी घालता येईना की उकिडवंही बसता येईना. त्या काळात बाईचं सगळं आयुष्य जमिनीवर असे. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, खोबरं खवायचं ते खवणीवर बसून, जेवायचं ते पाटावर. ती दाराच्या चौकटीला टेकून उभ्याने जेवायची, ताट हातात धरून. आई तोंडाने काही बोलत नसे, पण ताट वाढताना मान फिरवायची.

मी तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला बाकावर निजवून पाय फिरवून पाहिला. हाड शाबूत आहे म्हणाले, पडून पडून आवळलंय, सोडवलं तर सुटेल. आधी गरम पाण्याने शेकायचं, मग दुसऱ्या कुणीतरी तिचा घोटा आणि गुडघा धरून पाय हळूहळू बाहेर फिरवायचा. रोज, आणि कंटाळा न करता. तिला स्वतःला ते नीट जमणार नाही, पाय आपोआप आखडता घेतला जातो, असंही त्यांनी बजावलं.

दुसरं कुणी म्हणजे कोण, हा प्रश्न होता. सासूने सुनेचे पाय धरायचे हे आमच्याकडे कुणाच्या कल्पनेतही येणारं नव्हतं. भावजय त्या वेळी माहेरी होती. राहिलो मी.

ती ऐकेना. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला तर पाप तिच्या माथी, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. दोन दिवस तिने मला टाळलं. मग तिनेच तोड काढली. माझा पंचा आणून आपल्या घोट्याभोवती गुंडाळला आणि म्हणाली, "पंच्यावरून धरा. म्हणजे हात लागला असं नाही व्हायचं."

मी म्हटलं, देवाला पंच्यातलं कळत नाही होय?

"देवाचं मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही पायाचं बघा."

दुपारी आई वामकुक्षीला कलंडली की आम्ही माजघराच्या मागच्या खोलीत जायचो. ती आधी वाकून मला नमस्कार करायची, हे पुढच्या पापाचं आगाऊ प्रायश्चित्त. वाकतानाही तिला भिंत धरावी लागे. मग ती निजायची आणि मी पंच्यावरून घोटा धरायचो. पहिले काही दिवस पाय लाकडासारखा. जरा फिरवला की ती ओठ दाबून धरायची आणि दुखतंय हे तोंडाने सांगायची नाही. मला ते तिच्या पायाच्या बोटांवरून ओळखायला लागायचं. बोटं वळली की थांबायचो. सुटली की पुन्हा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण तिच्याशी इतकं लक्ष देऊन मी कधीच वागलो नव्हतो. पाऊस इतका लागायचा की बोललेलं ऐकूच यायचं नाही, त्यामुळे बोलावंही लागायचं नाही.

श्रावण लागेपर्यंत गुडघा बराच खाली यायला लागला. एका सकाळी मी गोठ्यातून आलो तर ती विळीवर बसलेली, एक पाय थोडा लांब सोडून, भोपळा चिरत. माझ्याकडे बघून हसली आणि काही झालंच नाही असं पुढे चिरत राहिली.

तिची घाई वेगळ्याच कारणासाठी होती. काकांच्या घरात आमची बाजू आणि चूल वेगळी होती; तिथून निघून आम्ही वरच्या अंगाला चिऱ्याचं नवं घर बांधत होतो आणि कार्तिकात वास्तुशांत करायची होती. वडील नव्हते, आई विधवा, म्हणजे पूजेला मी आणि बायको बसणार. आहुती देताना बायकोने नवऱ्याच्या उजव्या हाताला हात लावून बसायचं असतं. ती बसली नाही तर धाकटा भाऊ आणि भावजय बसणार, असं आईने आधीच ठरवून ठेवलं होतं. मूल गेलेली आणि पाय आखडलेली सून नव्या घरात कशी मिरवणार, हे आमच्या वाडीत बोलून दाखवायची गरज नव्हती. तिला त्या पाटावर बसायचं होतं. तिचं दुसरं काही मागणंच नव्हतं.

अशात एका दुपारी माझा चुलतभाऊ कुऱ्हाड मागायला मागच्या दाराने आला. मी पंच्यावरून तिचा पाय धरलेला बघून तो दारातच थांबला आणि कुऱ्हाड न घेताच गेला.

त्या शनिवारी संध्याकाळी देवळात भजनाला जमलो. पखवाज लावता लावता चुलतभाऊ म्हणाला, "आगबोट बंद झाली म्हणून आमच्या साहेबांनी घरात दुकान काढलंय. पाय चेपून मिळतील."

दुसरा म्हणाला, "पंचा आपला आपण आणायचा काय रे?"

सगळे हसले. मीही हसलो. एका म्हाताऱ्याने तेवढं म्हटलं की गप बसा मेल्यांनो, भजन करा. पण तोही हसतच होता. मी झांजा वाजवत राहिलो आणि कान तापलेले होते ते घरी पोचेपर्यंत निवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या खोलीत गेली. मी छत्री घेतली आणि कचेरीची कौलं गळतायत का बघून येतो सांगून बाहेर पडलो. कौलं गळत नव्हती. बंदरावर चिटपाखरू नव्हतं. धक्क्याच्या कडेला उभा राहून मी गढूळ पाणी बघितलं आणि चहाच्या वेळेला परत आलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात बेणायला, तण उपटायला गेलो. मग नारळ सोलायचे निघाले. ती काही दिवस पंचा घेऊन खोलीत जात होती. नंतर पंचा धुऊन माझ्या खुंटीवर टांगलेला दिसला.

आईने विचारलं, काय रे, बंद केलंत ते? मी म्हटलं, ती नको म्हणते. पाप लागतं म्हणते.

एवढंच वाक्य. ते आईला चटकन पटलं, कारण ते तिला पटण्यासारखंच होतं.

भाद्रपदात एकदा मी गुरांसाठी पेंढा काढायला गोठ्याकडे गेलो. कुडाच्या फटीतून ती दिसली. पेंढ्यावर उताणी निजली होती. काथ्याच्या दोरीचं एक टोक घोट्याला, दोरी खांबाला वेढा घालून दुसरं टोक तिच्या हातात. ती दोरी ओढत होती आणि पाय बाहेर पडायच्या ऐवजी कमरेसकट ती सगळीच वळत होती. मग पुन्हा सरळ होऊन पुन्हा ओढत होती. घोट्याला काथ्या लागू नये म्हणून तिने जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता.

आत जायला मला दार लोटायचं होतं, इतकंच. मी परत फिरलो. पेंढा काढायचा राहिला तो राहिलाच.

वास्तुशांतीला ती पाटावर बसली. मला अजून कळत नाही तिने ते कसं केलं. नवं हिरवं लुगडं, उजवा गुडघा जमिनीपासून वर राहिलेला, त्यावर पदर ओढून घेतलेला. डावा तळवा मागे जमिनीवर टेकून तिने अंगाचा भार त्यावर घेतला होता. संकल्प झाला, पुण्याहवाचन झालं. होम पेटला, आहुत्या सुरू झाल्या आणि तिचा हात माझ्या हातावरून घसरला. ती एका अंगावर कलली. बायकांनी धरून उठवलं तिला. भटजी म्हणाले, बाईंना मागे स्टूल द्या, तिथून हात लावतील, देवाची हरकत नाही. पण नवऱ्याच्या आणि अग्नीच्या वर बाईने बसायचं हे आईला खपेना. तिने धाकट्याला आणि भावजयीला पाटावर बसवलं. मी उठून जागा दिली.

जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी हळहळलं, बिचारीचा पाय अजून सुटला नाही होय. तेव्हा आई सगळ्यांदेखत बोलली, "सुटेल कसा? माझा मुलगा आपल्या हाताने करायला तयार होता. हीच हट्टी. हात लावू देईना."

ती खांबाला धरून उभी होती. मी सांगितलेलं ते वाक्य तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी होमाकडे बघत होतो, पण ती बघतेय हे मला कळत होतं. चुलतभाऊ दोन हातांच्या अंतरावर बसला होता. मी एक शब्द बोलायला हवा होता.

"होय," ती म्हणाली. "मीच नको म्हटलं."

मग ती लंगडत पंगतीची पानं पुसायला मागे गेली.

तिने नको म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. तिचा पाय सुटत होता आणि देवळात चार माणसं हसली म्हणून मी तो सोडला. हे मी आता, तिच्या मागे, लिहितो आहे.

पुढच्या पावसाळ्यात कचेरी बंद झाल्यावर मी तिला विचारलं, पुन्हा सुरू करूया का. ती कपडे वाळत घालत होती. रागावली नाही. म्हणाली, "कशाला? आता मला उभ्याने सगळं येतं."

त्याच वर्षी मी स्वयंपाकघरात चिऱ्यांचा उंच ओटा बांधून घेतला, वर चूल, बाजूला चिरायला फळी. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा वाडीत तोवर कुणाकडे नव्हता. बायका मुद्दाम बघायला यायच्या. बायकोसाठी एवढं करणारा नवरा मिळायला नशीब लागतं म्हणायच्या. ती त्यांना चहा द्यायची आणि हो म्हणायची. मी ओटीवर बसून ते ऐकत असे.