मुरुगेसन एम. यांना रोज चाळीस रुपये

आमच्या घरात पैशांचं नियोजन मी करते, कारण ते मला जमतं असं मला वाटतं.

माझ्या नवऱ्याला, नितीनला, तसं काही वाटत नाही. पण तो इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पहाटेच्या शिफ्टला जातो आणि घरी परततो तेव्हा वाद घालण्याइतका शुद्धीवर नसतो. त्यामुळे रोजच्या खर्चासाठी ॲपवर वेगळं खातं काढायचं, हा ठराव आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये एक विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.

ॲप फारच गुणी होतं. महिन्याच्या एक तारखेला पगाराच्या खात्यातून तीस हजार इकडे आणायचे आणि त्यांचे डबे करायचे. भाजीचा डबा, दुधाचा डबा, पेट्रोलचा, औषधांचा. कुणीही खर्च केला की घरातले सगळे फोन एकदम 'टिंग' करणार. मोह नको म्हणून पगाराचं खातं मी दोघांच्याही फोनवरून काढून टाकलं आणि क्रेडिट कार्डं साड्यांच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली. (शालू मी दहा वर्षांत एकदाही बाहेर काढलेला नाही. याहून सुरक्षित तिजोरी भारतात नसेल.)

मार्चमध्ये सासूबाई मिरजेहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. वय सदुसष्ट, रक्तदाबाची एक गोळी, तमिळ शून्य. मी त्यांच्याही फोनवर ते खातं जोडून दिलं.

"आई, भाजी घेतली की हा चौकोन असा स्कॅन करायचा. मला लगेच कळेल."

"तुला कशाला कळायला हवं?" आईंनी विचारलं.

"म्हणजे सगळं पारदर्शक राहतं."

"बरं," आई म्हणाल्या. त्या 'बरं'कडे मी तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं.

दोन महिने छान गेले. मग जूनमधल्या एका दुपारी मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. 'मुरुगेसन एम., चाळीस रुपये.' खर्च आईंच्या फोनवरून. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, चारला दहा कमी असताना, पुन्हा मुरुगेसन एम., पुन्हा चाळीस. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढचे तीन आठवडे रोज तेच. ॲप मला नम्रपणे विचारत होतं की हा खर्च कुठल्या डब्यात टाकू. मला कुठला डबा सांगायचा तेच कळेना.

शेवटी एका संध्याकाळी मी सहज विचारतेय असं दाखवत विचारलं, "आई, हे मुरुगेसन कोण?"

"कोण?"

"रोज चाळीस रुपये जातायत त्यांना."

"जात असतील," आई मेथी निवडत म्हणाल्या. "त्या ॲपचं काही सांगता येतं का?"

"पण दुपारी तुम्ही असता कुठे?"

"खाली बागेत. आणि कुठे जाणार मी म्हातारी?"

आई स्वतःला कधीच म्हातारी म्हणत नाहीत. मिरजेत एका भाजीवालीनं 'आजी' म्हटलं म्हणून त्यांनी तिच्याकडून वर्षभर कोथिंबीर घेतली नव्हती. माझी झोप उडाली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर म्हाताऱ्या माणसांना फोनवरून कसं फसवतात याचे रोज तीन व्हिडिओ येतात आणि ते तिन्ही मी बघते. रोज थोडे थोडे पैसे काढायचे, विश्वास बसवायचा, मग एक दिवस सगळं खातं साफ करायचं. सगळं जुळत होतं. मुरुगेसन हा पक्का मुरलेला माणूस होता.

"अगं, सरळ बस ना आईसमोर आणि विचार," नितीन म्हणाला.

"विचारलं. त्या लपवतायत. फसवले गेलेले लोक असंच करतात. व्हिडिओत होतं."

"चाळीस रुपयांत काय फसवणार तो?"

"सुरुवात चाळीसनंच होते," मी म्हणाले. नितीन तोवर झोपलाही होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी ॲपवर मुरुगेसन एम. यांच्याविरुद्ध फसवणुकीची रीतसर तक्रार नोंदवली. 'आपले नाते' या रकान्यात 'सून' लिहिलं. (तो रकाना मुरुगेसनशी असलेल्या नात्यासाठी होता, हे मला नंतर समजलं.) साडेतीनला मीटिंगमधल्या लोकांना सांगितलं की आमच्या भागातलं इंटरनेट गेलंय. तीन पस्तीसला दाराची कडी हळूच वाजली. आई बाहेर पडल्या होत्या. मी ॲप उघडलं, 'खातं लॉक करा' हे लाल बटण दाबलं, तोंडाला मास्क लावला, डोक्यावरून ओढणी घेतली आणि निघाले. आज मुरुगेसनला एक पैसा मिळणार नव्हता.

आई बागेकडे वळल्याच नाहीत. खांद्याला कापडी पिशवी लावून झपझप मेन रोडला गेल्या. तिथे त्यांना दुसऱ्या इमारतीतल्या कमलाबाई भेटल्या. या कमलाबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. मराठी अशी बोलतात की शब्द आपल्या पणजीचे आणि सूर तमिळ. दोघी हसत हसत एका शेअर ऑटोत मागे जाऊन बसल्या. मी नारळपाण्याच्या गाडीआडून धावले. मागे जागा नव्हती. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी सीट होती, त्यावर मी तिरकी बसले आणि ओढणी नाकापर्यंत ओढली.

वाटेत मागून आईंचं बोलणं ऐकू येत होतं. "सुनेला संशय आलाय," त्या म्हणाल्या. दोघीही फसलेल्या होत्या तर.

तिसऱ्या स्टॉपला आई आणि कमलाबाई उतरल्या. मीही उतरले आणि पाठमोरी उभी राहून ड्रायव्हरसमोरचा चौकोन स्कॅन केला. वीस रुपये. स्क्रीनवर नाव आलं, 'मुरुगेसन एम.'

मी वर पाहिलं. कपाळाला विभूती लावलेला, कानावर पेन खोचलेला एक साधासुधा माणूस माझ्याकडे बघत होता. दोन बायकांचे वीस वीस, चाळीस रुपये. मी खाली पाहिलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'हे खाते आपण लॉक केले आहे.'

तेवढ्यात पलीकडून आईंचा आवाज आला. "जात नाहीये हो पैसे. काय झालंय याला?"

"पाट्टी, दुसरा फोन?" मुरुगेसननं विचारलं. पाट्टी म्हणजे आजी. आई त्याच्यावर अजिबात रागावल्या नाहीत. मग तो माझ्याकडे वळला. "तुमचं पण जात नाही?"

मी नुसतीच मान हलवली. मागची माणसं हॉर्नसारखा आवाज काढायला लागली. अशा वेळी शहाणं माणूस गप्प राहतं. पण माझा फोन वाजला, नितीनचा होता, आणि सवयीनं मी तो स्पीकरवरच घेतला.

"अगं मेघा, माझं पेमेंट जात नाहीये. पेट्रोल भरून झालंय. टाकी फुल केलीय मी. हा माणूस मला सोडत नाहीये, हेल्मेट काढून घेतलंय त्यानं."

सगळी शेअर ऑटो ऐकत होती.

"मेघा?" आई म्हणाल्या.

मी ओढणी खाली केली.

आईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि पिशवीतून शंभराची नोट काढून मुरुगेसनला दिली. "तिघींचे घे."

"चिल्लरै इल्लै, पाट्टी," तो म्हणाला. सुट्टे नव्हते त्याच्याकडे. म्हणूनच तर आई रोज फोननं पैसे देत होत्या. "बाकी उद्या." आणि तो निघून गेला. ज्याच्याविरुद्ध मी तक्रार केली होती, त्याच्याकडे आता आमचे चाळीस रुपये खरोखरच अडकले.

"आई, तुम्ही जाता तरी कुठे?"

"ये," त्या म्हणाल्या.

ती एक शाळा होती. मागच्या बाजूला पोहण्याचा तलाव आणि दारावर पाटी, चार ते पाच फक्त महिलांसाठी. आई आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या त्या गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख आणि निळी रबरी टोपी घालून. मी त्यांना नऊवारीत, सहावारीत, गाउनमध्ये पाहिलं होतं. हे नवीन होतं.

"आई, तुमचं बीपी..."

"डॉक्टरांना विचारलंय. तुलाच फक्त विचारलं नव्हतं."

"पण का?"

आई काठावर बसून पाय पाण्यात सोडत म्हणाल्या, "आपण राहतो पहिल्या मजल्यावर. कमलाबाई सांगतात, इथं पाणी आलं होतं तेव्हा रस्त्यातून होड्या फिरत होत्या. तो कारखान्यात, तू दार लावून मीटिंगमध्ये. पाणी आलं तर मला हाक तरी ऐकू जाईल का तुला? म्हटलं, आपलं आपण शिकावं."

माझ्या बजेटमध्ये विम्याचा डबा होता, पाणी गाळायच्या मशीनचा डबा होता. पण आईंना पुराची भीती वाटते, हे मला माहीतही नव्हतं.

"बरें झालें आलीस," कमलाबाई मला म्हणाल्या. "आज ती एकलीच पार जाणार आहे. नीट पाहा."

आईंनी नाक धरलं, सोडलं आणि भिंतीला पाय रेटला. सुरुवातीला नुसतं पाणीच उडालं. मग त्यातून निळी टोपी वर आली, बुडाली, पुन्हा वर आली. मध्यावर त्या थांबल्यासारख्या झाल्या आणि मी पायऱ्यांकडे धावले. कोच काठावरून तमिळमध्ये मोजत होती, कमलाबाई मोजत होत्या, मला तमिळ आकडे दहाच्या पुढे येत नाहीत तरी मीही मोजत होते. आईंचा हात पलीकडच्या भिंतीला लागला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शाळेचा वॉचमन दारापर्यंत आला. मी चपलांसकट पहिल्या पायरीवर पाण्यात उभी होते आणि टाळ्या वाजवत होते.

"खातं काय झालं गं?" आईंनी पलीकडून धापा टाकत विचारलं.

खातं चोवीस तासांशिवाय उघडणार नव्हतं. हे त्या लाल बटणाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. नितीनला पंपावरून त्याच्या सुपरवायझरनं सोडवून आणलं. संध्याकाळी ॲपवाल्यांचा फोन आला आणि मी मुरुगेसन एम. यांच्यावरचे सर्व आरोप बिनशर्त मागे घेतले. त्या मुलीनं विचारलं, "मग मॅडम, तुमची फसवणूक कुणी केली?" मी म्हणाले, "अंतर्गत प्रकरण आहे." रात्रीचं दूध, सकाळची भाजी आणि नितीनचं जेवण आईंच्या पेन्शनमधून झालं.

पुढच्या सोमवारी मीही त्या तलावावर नाव घातलं. आई मला फॉर्म भरताना बघत होत्या, म्हणून 'पोहता येते का' या प्रश्नापुढे मी 'थोडे' असं लिहिलं. कोचनं मला पाण्यात दोन मिनिटं पाहिलं, बाहेर जाऊन हात पुसले, ते 'थोडे' स्वतःच्या पेनानं खोडलं आणि मला सहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत शेवटची उभी केली.