ले-आउटातले दिवे

पांढुर्ण्यात संत्र्याची बाग तोडून नवा ले-आउट पडला होता. नियमाने रस्त्यावर दिवे लावल्याशिवाय त्यातले प्लॉट विकता येत नव्हते. बाबा मला सोबत घेऊन प्लॉट पक्का करायला गेले, तेव्हा भर दुपारी सगळे दिवे पेटलेले होते. मला तेच खटकलं. खांबांवरची तार कुठे जाते ते मी गुपचूप पाहत गेले. ती बागेच्या जुन्या विहिरीवरल्या मोटरघरात शिरत होती. मी बाबांच्या कानात सांगितलं.

"बाग तं गेली," बाबा ले-आउटच्या मालकाला म्हणाले. "शेतीच्या मोटरचं कनेक्शन कटलं का दिवे बी जातीन ना?"

मालक माझ्याकडे पाहून हसला. "काकाजी, इंग्रजी शाळेतली पोरगी लय शंका काढते! दिवे पेटून राहिले ना?"

"रस्त्याच्या दिव्यांची अलग लाइन येऊ द्या, मंग पाहू," म्हणत बाबांनी सायकल वळवली.