डबीवरचा फोटो

दिपिका खाडीकाठच्या कोळ्यांची मुलगी, खारघरच्या कॉलेजात संशोधन करणारी. तिवराच्या पानांच्या रसातून ती चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवायची आणि त्यांनी जखमेतले जंतू मरतात का, हे काचेच्या बशीत पाहायची. पेपरात तिचा फोटो आला. चुलतभाऊ निकेशने तोच डबीवर छापून पनवेलच्या बाजारात ‘नॅनो मलम’ विकायला काढलं. तिला पत्ताच नव्हता. कळलं ते मधुमेही मालूआत्याच्या पायाचं बोट डॉक्टरांना कापावं लागल्यावर. भाचीचं मलम म्हणून आत्याने पायाच्या जखमेला तेच लावत दवाखानाच सोडला होता.

दिपिका हॉस्पिटलातून तडक दुकानात शिरली.

“माणसाला आम्ही ते कण अजून लावूनही पाहिलेले नाहीत! तू यात काय भरलंस?”

“कोरफड, हलद. त्यानं कुनी मरत नाय,” निकेश हसला.

त्या हसण्याने तिचं डोकं भडकलं. तिने मांडलेल्या सगळ्या डब्या रस्त्यावर भिरकावल्या, एक तेवढी पुराव्यासाठी पर्समध्ये टाकली आणि थेट पोलिसांत तक्रार दिली. दुकानाला टाळं लागलं, तशी काका-काकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्याचं तिला काही वाटलं नाही.

“तुजा फोटू बगून लावलं गो,” आत्या एवढंच म्हणाली. तेव्हा मात्र निकेशला दोन कानाखाली न दिल्याचा तिला पस्तावा झाला.