बाबांचं नाक आणि आमची मागणी

आमच्या घरात कामगार संघटनेचं कुठलंही पत्रक छापायला जाण्याआधी बाबा ते मोठ्याने वाचून दाखवतात. आई भाजी निवडत ऐकते. ज्या वाक्याला तिचं लक्ष उडतं, ते वाक्य बाबा खोडतात. मी अक्षरं गिरवली ती अशाच खोडाखोडीच्या कागदांच्या पाठीवर. त्यामुळे बाबांचं नाक बंद पडायला लागलंय, हे डॉक्टरांच्या आधी आम्हाला वाचनातच कळलं.

"बागणी पहिली," बाबांनी सुरुवात केली.

"मागणी म्हणा," आई म्हणाली.

"तेच तर बणतोय बी."

आम्ही तिघंही हसलो होतो.

बाबा धायरीजवळच्या एका फर्निचरच्या शेडमध्ये कामाला आहेत. हिंजवडीकडच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरांची कपाटं तिथे तयार होतात. दाबलेल्या भुशाच्या फळ्या कापताना आणि घासताना पिठासारखी बारीक धूळ उडते. बाबा कात्रजला घरी यायचे तेव्हा त्यांच्या रुमालावर तपकिरी चिखल असायचा. पुढे पुढे त्यांना वास कमी येऊ लागला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि रोज दोनदा मीठपाण्याने नाक धुवायला सांगितलं. बाबांनी तांब्याने करून पाहिलं, पण ठसका लागून ते अर्धमेले झाले. मग आईने ऑनलाइन एक यंत्र मागवलं. हातात मावेल एवढंच, वर मीठपाण्याची टाकी, खाली घाण पडायला दुसरी. त्याचं टोक नाकपुडीला लावून बटण दाबलं की ते पाणी आत सोडतं आणि लगेच ओढूनही घेतं.

खोकं घरी आलं आणि मी त्याला हात लावू दिला नाही.

आमच्या घरचा एक नियम आहे, आणि तो बाबांनीच घालून दिलेला आहे. मालकाने जे द्यायला हवं, ते आपण विकत घ्यायचं नाही. एकदा शेडमधल्या लोकांनी आपापले हातमोजे आणले, तर मालकाने ती मागणीच निकाली काढली. "तुमच्याकडे आहेत की," म्हणाला. त्या वेळी बाबा आठवडाभर धुमसत होते. पत्रकं आता मीच लिहिते, म्हणून मी ठरवलं की नव्या पत्रकात तीन गोष्टी मागायच्या: धूळ ओढून घेणारा पंखा, चांगले मास्क आणि ज्यांना डॉक्टरांनी नाक धुवायला सांगितलंय त्यांना हे यंत्र. खोक्याचा फोटो पत्रकावर छापायचा आणि खोकं न उघडता बैठकीत मालकासमोर ठेवायचं. ही कल्पना मला फार आवडली होती.

"म्हणजे मागणी मान्य होईपर्यंत यांनी तोंडाने श्वास घ्यायचा?" आईने विचारलं.

"आई, हा एकट्या बाबांचा प्रश्न नाहीये."

"नाक एकट्या त्यांचंच आहे."

 बाबांनी पत्रक घेतलं आणि बुधवार पेठेतल्या छापखान्यात निघून गेले.

पंधरा दिवसांनी एका रविवारी सकाळी न्हाणीघरातून घरघर ऐकू आली. दार लोटलेलं होतं. बाबा बेसिनवर वाकले होते, यंत्र नाकाला लावलेलं, डोळ्यांतून पाणी. मला पाहून त्यांनी बटण सोडलं.

"एकदाच बघत होतो," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हीच शिकवलंत ना? उद्या मालक विचारेल, वापरताय की, मग आता काय पाहिजे? तेव्हा काय सांगायचं?"

माझा आवाज सभेत चढतो तसा चढला होता. बाबांनी यंत्र धुतलं, पुसलं, खोक्यात ठेवलं आणि खोक्यावर चिकटपट्टी लावली. ती इतकी नीट लावली की उघडलेलं कळू नये. चोरी पकडली गेल्यासारखे ते माझ्यासमोर उभे होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बैठक आज होईल, उद्या होईल, असं करत तीन महिने गेले. शेवटी मालकाने पंखा कबूल केला, मास्क कबूल केले. यंत्राचं म्हणाला, "एक घेऊन ठेवू प्रथमोपचाराच्या कपाटात. सगळे वापरा."

"टूथब्रशही एकच ठेवा मग," बाबा म्हणाले. शेड हसली. यंत्राची मागणी तिथेच राहिली. पंखा मात्र खरोखर बसला. पोरं बाबांना खांद्यावर घ्यायला निघाली होती.

त्याच आठवड्यात मी दुपारी घरी आले, तर जिन्यातच गॅसचा वास. धावत वर गेले. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. बाबा शेजारच्या खोलीत पुढच्या पत्रकाची प्रुफं तपासत बसले होते. मी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या.

"काय झालं गं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मला वाटलं, दूध तापतंय अजून."

डॉक्टरांनी दुर्बीण घालून नाक तपासलं. सूज जुनी झालीय, म्हणाले. वास परत येईलच असं नाही. मी विचारलं, "तेव्हापासून रोज धुतलं असतं तर?"

"सांगता येणार नाही. मी धुवायला सांगितलं होतं, एवढं मला सांगता येतं."

बाहेर पडल्यावर मला वाटलं, बाबा आता चिडतील. चिडायला हवे होते. रिक्षात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुझं चुकलं नाही. वापरलं असतं, तर पंखा मिळाला नसता." हे मी लिहिलेल्या पत्रकातलंच वाक्य असावं, इतकं ते माझं होतं. 

आता सकाळ-संध्याकाळ मी पाणी उकळून गार करते, मीठ घालते, बाबा वाकतात, मी बटण दाबते. खालच्या टाकीत काय पडतं, ते बघायचं काम माझंच.

काल धुऊन झाल्यावर आई मूठ मिटून आली आणि त्यांच्या नाकाशी धरली. "अहो, ओळखा."

बाबांनी लांब श्वास घेतला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, उत्तर तिथे दिसेल म्हणून.

"वेलची," ते म्हणाले.

"बरोबर," आई म्हणाली.

मी दारात उभी होते. हिंगाचा वास तिथपर्यंत येत होता.