मग ने!

मला लहानपणापासून हात आधी चालवायची सवय. तोंड त्यानंतर. वडिलांनी पट्ट्यानं फोडलं, शाळेत सरांनी डस्टर फेकून मारला, आणि या सगळ्याचा राग यायच्या ऐवजी मला गर्वच वाटायचा. हॉस्टेलवर आम्ही एकमेकांच्या पाठीत गुद्दा घालून दिवस सुरू करायचो. 'कानाखाली जाळ काढीन' हे माझं ठेवणीतलं वाक्य. चहा गार मिळाला तरी जाळ, कुणी माझा टॉवेल वापरला तरी जाळ. सगळे हसायचे, मीही हसायचो. बंगळूरच्या त्या दोन दिवसांपर्यंत त्यात हसण्यासारखं काहीतरी आहे असं मला खरोखर वाटत होतं.

कोल्हापुरात आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. बंगळूर बघायची टूम माझीच. वर्गातले दोघं लगेच तयार झाले. माझा रूममेट मात्र होईना. तो निपाणीकडचा, घरी मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेला. सैन्यभरतीसाठी तो दोन वर्षं रोज पहाटे रंकाळ्याभोवती पळत होता. लेखी झाली होती, धावणं झालं होतं, राहिली होती ती फक्त मेडिकल, आणि ती दोन आठवड्यांवर आली होती. गावात त्याच्या वडिलांनी आधीच पाव्हण्यारावळ्यांना सांगून टाकलं होतं, पोरगं लागलं म्हणून.

"मेडिकल होऊ दे, मग जाऊया की," तो म्हणाला.

मी त्याची मान काखेत धरली आणि हो म्हणेपर्यंत आवळली. लाल होऊन, खोकत खोकत तो हो म्हणाला. सहलीची सुरुवात अशी झाली.

उतरायची सोय त्याच्या थोरल्या बहिणीकडे होती, पीण्यात, बंगळूरच्या कारखान्यांच्या भागात. मेव्हणे लेथवर कामाला, आणि त्यांच्या दोन खोल्या वर्कशॉपच्या वरच. मशीन चालू झालं की ताटातली चटणीसुद्धा हलायची. शनिवारी सकाळी अक्कानं आम्हाला उप्पीट वाढलं आणि समोर बसवून शिकवणी घेतली.

"रिक्षावाला असू दे, कंडक्टर असू दे, अण्णा म्हणायचं. आणि कुणाचं डोस्कं फिरलंच तर हात जोडून 'बिडी' म्हणायचं. बिडी म्हंजे सोडा. समजलं?"

आम्ही बिडीवरून इतके हसलो की उप्पीट नाकात गेलं. तिनं माझ्याकडे बोट केलं आणि भावाला म्हणाली, "ह्याला तेवढं सांभाळ रे." मी तिच्या भावाला सांभाळावं असं तिला वाटलं नाही. तिची पारख बरोबर होती.

शनिवारी आम्ही विधानसौध बाहेरून बघितलं, कब्बन पार्कात लोळलो, फोटो काढले. मग आमच्यातल्या एकाला कंपन्या बघायच्या होत्या, म्हणून बसनं बेळ्ळंदूरपर्यंत गेलो. तिथं ट्रॅफिकमध्ये बस अडकली असताना खिडकीखालीच दोन बाइकवाले भिडले. एकानं हेल्मेट काढलं आणि दुसऱ्याच्या तोंडावर घातलं, एकदा, दोनदा. तो माणूस खाली बसला, त्यानं ओंजळ तोंडाला लावली आणि ओंजळ भरली. मागचे लोक हॉर्न मारत होते. मी अर्धा खिडकीबाहेर.

रूममेटनं मला शर्टाला धरून आत ओढलं. "रक्त बघितलं की तुझे डोळे चमकतात," तो म्हणाला. चेष्टेत नव्हे. मी त्याच्या दंडावर एक ठेवून दिली आणि विषय संपवला.

रविवारी लालबाग. पाण्याच्या बाटल्यांची सॅक आळीपाळीनं पाठीवर घेत खडकावर चढलो, काचघर बघितलं, आणि दुपारी गेटाबाहेर आलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. पीण्यात जाऊन जेवायचं, सामान उचलायचं आणि परतीची बस धरायची, एवढंच राहिलं होतं. पहिल्या रिक्षावाल्यानं आम्हाला बघून मान हलवली. वयानं माझ्या वडिलांएवढा, खाकी शर्ट, आरशाला मोगऱ्याचा गजरा.

"मूरे जना," तो म्हणाला. तिघंच. त्यानं चौकातल्या पोलिसाकडे बोट दाखवलं.

रूममेट त्याच्याशी कन्नडमध्ये गोडीगुलाबीनं बोलला. अण्णा, स्वल्प ॲडजस्ट करा, वगैरे. माणूस ऐकेना. त्यात चूक काहीच नव्हती, पोलीस खरोखरच उभा होता. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रूममेट वळून मला म्हणाला, "असं करतो, सॅक घेऊन मी मेट्रोनं जातो. तुम्ही तिघं या रिक्षानं."

"मग ने!" मी ओरडलो. "ने की!"

बोललो मित्राला, सॅक ने म्हणून. पण डोळे वटारले होते रिक्षावाल्यावर, कारण राग त्याचा होता. आणि कन्नडमध्ये 'मगने' म्हणजे पोरा, लेका. अनोळखी माणसाला दरडावून म्हटलं तर सरळ शिवी. हे मला ठाऊक नव्हतं. त्याला मात्र विशीतलं एक पोरगं भर रस्त्यात, भर गिऱ्हाइकांत आपल्याला मगने म्हणतंय एवढंच ऐकू आलं.

तो खाली उतरला. "यारिगे मगने अंतीया?" मगने कुणाला म्हणतोस, असं काहीतरी ओरडत त्यानं माझी कॉलर धरली आणि मला रिक्षाच्या पत्र्यावर आपटलं. पाठीत कळ आली, आणि खरं सांगतो, त्याबरोबर आनंदही झाला. आता मारायला परवानगी मिळाली. मी कपाळ त्याच्या तोंडावर घातलं. त्याचा ओठ फुटला, माझ्या भुवईवर त्याचं रक्त आलं. त्यानं गुडघा माझ्या पोटात मारला. मी वाकलो ते त्याच्या कमरेला मिठी मारूनच, आणि दोघं गटाराच्या कडेला कोसळलो. दुसऱ्या एका रिक्षावाल्यानं माझे केस धरून मला उठवलं. आमचे दोघं लांबून नुसते ओरडत होते. मी केस सोडवले, मुळासकट थोडे त्याच्या मुठीत राहिले असतील, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून उजवा हात फिरवला.

मध्ये रूममेट आला. हात जोडलेले, तोंड रिक्षावाल्याकडे वळायच्या बेतात, आणि ओठांवर अक्काचा शब्द. "बिडी अण्णा, बिडी..."

हात त्याच्या डाव्या कानावर बसला. फुगा फुटल्यासारखा आवाज झाला. तो गुडघ्यांवर बसला आणि तळवा कानावर दाबून जमिनीकडे बघत राहिला, एखादी वस्तू पडल्यावर शोधतात तसा. मग तळवा काढून त्यानं बघितला. बोटांच्या पेरांना जरासं रक्त होतं.

सगळे थांबले. आमच्या रिक्षावाल्यानं उगारलेला हातही खाली आला. रूममेट बसल्या जागेवरून त्याला कन्नडमध्ये सांगू लागला. मधूनमधून मला 'मग' आणि 'ने' एवढंच कळत होतं. आमच्या भाषेत मग म्हणजे काय, ने म्हणजे काय, सॅककडे बोट. फुटलेल्या ओठांनी तो माणूस पुटपुटला, "मग... ने..." आणि त्यानं कपाळावर हात मारला. मग त्यानं रूममेटला काखेत धरून रिक्षात बसवलं आणि आम्हा तिघांना आत यायची खूण केली. चौकात पोलिसानं हात दाखवला तर त्यानं "आस्पत्रे" एवढं ओरडून रिक्षा दामटली. मघाशी ज्या रिक्षात चौघं मावत नव्हते तिच्यात आता सगळे होतो.

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती. कानात बघून ती हिंदीत म्हणाली, पडद्याला मोठं भोक पडलंय, भरायला काही महिने लागतील, न भरलं तर ऑपरेशन. रूममेटनं बोटांवर मोजलं आणि दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. दहा दिवस. तिला काही समजलं नाही.

रिक्षावाला बाहेर थांबला होता. जाताना तो रूममेटच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, दोस्त बदल." आणि तो हसला, कान धरून. मला तिथंच रडू फुटलं.

अक्काला त्यानं सांगितलं, लालबागेत खडकावरून घसरलो. तिनं त्याचा गाल बघितला, चार बोटं उमटलेली. मग माझा हात बघितला. मी तो पाठीमागं नेला. तिनं ताटं वाढली. मी मारलं, हे दोन शब्द मला सांगता आले असते, आणि मी तिच्या घरचा भात खाऊन उठलो.

मेडिकलला तो गेला. एक वेडी आशा होती म्हणून म्हणा किंवा वडिलांना तोंड दाखवायचं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. मी कॉलेजला न जाता खोलीतच थांबलो होतो. त्यानं बूट काढले, पळायचे बूट, आणि कॉटखाली अगदी आत सरकवले.

"नापास," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि डावा गाल पुढे केला. "मार. जोरात मार. कान फोड माझा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझा जबडा आवळलेला, डोळे मिटत आलेले. मार खायची मला सवय होती. ते मला सोपं गेलं असतं.

"मारलं समज," तो म्हणाला. "मग?"

तो कॉटवर आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून, उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत. तेव्हा कुठं मला शब्द सुचले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी माफी मागितली, पुन्हा पुन्हा, त्याच्या पाठीला. त्याच्यापर्यंत त्यातलं किती पोचलं, ते मी अजून विचारलेलं नाही.