खळ्यावरचा प्रचार

नाशिकला आमच्या कॉलनीत निवडणूक आली की अभ्यासाचं वाटोळं ठरलेलं. रिक्षाला भोंगा बांधून दिवसभर तेच ते ओरडणं. त्यामुळे सत्तरच्या दशकात सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर मला शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा मनाशी म्हटलं, डोंगर तर डोंगर, निदान शांतता असेल. कसली शांतता! पुढच्याच वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि ऐन पाढ्यांच्या वेळी एक भोंगावाली जीप शाळेसमोर येऊन उभी राहिली.

शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. तपासणीच्या साहेबांनी बजावलं होतं की, जूनपर्यंत धड खोली झाली नाही तर शाळा नदीपलीकडच्या गावाला जोडणार. पावसाळ्यात ती नदी मोठी माणसंही ओलांडत नसत. माझी काय, दुसरीकडे बदली झाली असती. पोरांची शाळाच संपली असती. आणि भोंग्यातून चाललं होतं, 'पक्की शाळा बांधून देऊ!' माझं डोकंच फिरलं. छडी घेऊन मी जीपपुढे उभी राहिले. "आधी तो भोंगा बंद करा, मग काय ते बांधा!"

जीपवाला स्वतःच उमेदवार होता. सुरगाण्याला सवाऱ्या न्यायचा, पोट सुटलेलं, बोलणं साखरेत घोळलेलं. त्याच्या विरोधात एक मिशीवाला शेतकरी उभा होता, त्याला चार वाक्यं सलग बोलायची तर घाम फुटायचा. आमचा तमाशा शेजारच्या खळ्यावर भात झोडणाऱ्या बाया बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "बोलून भात झोडलं जातंय का? मत पायजे ना, मंग या खळ्यावर."

झालं! पाड्यानं ते उचलूनच धरलं. भाषण नाही, भोंगा नाही. ज्याला मत हवं त्यानं घरोघरी जाऊन भात झोडायचं. दुसऱ्या दिवशी जीपवाला कडक इस्त्रीच्या सदऱ्यात पेंढी आपटताना दिसला. दाणे कमी आणि सदऱ्याची बटणंच जास्त गळत होती. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि आणखी पेंढ्या पुढे सरकवायच्या. मिशीवाला मात्र मुकाट्यानं खळं उरकून पुढच्या घरी जायचा. हात जोडून 'लक्ष असू द्या' म्हणायचंही त्याला सुचत नसे.

या गडबडीत जीपवाल्याचं स्वतःचं भात तसंच पडून राहिलं. त्याची आई अंगणातून ओरडायची, "लोकांचं झोडत फिरतोय, आपलं उंदरांनी खाल्लं!" शेवटी तिनं सरळ मिशीवाल्याला बोलावलं. त्यानंही विरोधकाचं भात झोडून दिलं. त्या घरातही मतं होतीच की!

निवडून जीपवाला आला. थोडक्यातच, पण आला. शाळेचं विचारलं की म्हणायचा, "कागद पुढं गेलाय, बाई." उन्हाळा लागला तरी कागद पुढेच होता. मी चिडून मिशीवाल्याच्या दारात गेले. म्हटलं, "तुम्ही तरी काही करा! की पडलात म्हणून संपलं?"

तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "माझी सावड फिटायची हाय अजून."

सावड म्हणजे आज मी तुझ्याकडे राबलो, उद्या तू माझ्याकडे. ती बुडवणाऱ्याच्या शेतात पुन्हा कोणी पाऊल टाकत नाही. दोघे उमेदवार ज्याला प्रचार समजत होते, तो पाड्याच्या हिशेबी सावडच होती! जीपवाल्यानं आपली सावड केव्हाच घराचं कुंपण घालून घेऊन वसूल केली होती. मिशीवाल्याची अख्ख्या पाड्यावर बाकी होती, आणि ती त्यानं शाळेसाठी मागितली.

माणसं आली. दगड आले, माती तुडवली गेली, भिंती उभ्या राहिल्या. वणीला जुनी कौलं भाताच्या बदल्यात मिळत होती, पण आणायची कशातून? जीप एकच, आणि तिचा मालक फिरकायलाच तयार नव्हता. भिंतींवर उघडं आभाळ बघत मी जूनपर्यंतचे दिवस मोजायचे. आठवडा तसाच गेला. मग एका दुपारी जीप कौलांनी भरून धुरळा उडवत आली. पुढे बसली होती त्याची आई. उतरताच मला म्हणाली, "सांगितलं त्याला, त्या माणसानं आपलं भात झोडलंय. फेडल्याबिगर घरात जेवायचं नाय."

निवडून आलेल्या मेंबरसाहेबांनी शिडीवर उभं राहून एकेक कौल वर दिलं. मिशीवाला वर बसून ती लावत होता. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत, पण काम झकास झालं.

जूनमध्ये साहेब आले. छप्पर बघितलं, भिंतीवर थाप मारली आणि विचारलं, "कोणी बांधली ही?" जीपवाला पुढेच उभा होता, हात जोडून. आता हा सगळं श्रेय लाटणार, असंच मला वाटलं.

त्यानं मागे वळून पाहिलं आणि मिशीवाल्याकडे बोट दाखवलं. "हा पडला ना साहेब, ह्यानं."

साहेबांना ती थट्टा वाटली. ते हसले आणि शाळा इथेच राहील असं सांगून निघून गेले. मला मात्र हसू आलं नाही. मी पोरांसमोरच घळाघळा रडले.