इंट्रूसिव आई

जपानातल्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी माझी आई पुण्याहून टोकियोत निशी-कसाईला आमच्याकडे राहायला आली. जमीन पुन्हा हलली तर आपण लेकीजवळ असावं, एवढंच तिचं म्हणणं. ती जवळ असून जमिनीला काय फरक पडणार होता, हे मी विचारलं नाही.

खालच्या मजल्यावर एक जपानी आजी एकट्याच राहायच्या. त्या माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकत. एके दिवशी त्यांना इंग्रजी पेपरात 'इंट्रूसिव' हा शब्द अडला. मी सांगितलं, कुणी बोलावलेलं नसताना जो मध्ये घुसतो, नको ते विचारतो, तो इंट्रूसिव. त्यांना उदाहरण हवं होतं. मी आठवत होते, तेवढ्यात आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली, आमच्या मधोमध बसली आणि मला म्हणाली, यांचा मुलगा यांच्याजवळ का राहत नाही ते विचार. मी जमेल तितकं मवाळ करून विचारलं. मला वाटलं, आजी आता उठून जातील. त्या मुलाबद्दल आणि सुनेबद्दल चहा गार होईपर्यंत बोलल्या. मग आईने त्यांचा गुडघा दाबून पाहिला आणि तेल कोमट करून आणलं.

गुडघा चोळून घेता घेता आजींनी मला हळूच विचारलं, "हे इंट्रूसिव?"

आता काय सांगणार? मी हो म्हटलं.

भूकंपानंतर बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी दारात उभं राहून त्यांची चौकशी केली होती, पण आत कुणी आलं नव्हतं, असं आजी म्हणाल्या. मग आईकडे वळून त्या वाकल्या. "यू आर व्हेरी इंट्रूसिव. थँक यू."

हा तक्रारीचा शब्द आहे, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांना काही ते पटलं नाही. आईने अर्थ विचारला, तेव्हा "मनमिळाऊ" म्हणून मी सुटका करून घेतली.

त्या रविवारी स्टेशनबाहेर माझ्या नवऱ्याचे जपानी साहेब भेटले. आम्ही ओळख करून देण्याआधीच आई हात जोडून पुढे झाली. "आय मदर. व्हेरी इंट्रूसिव."

साहेबांचं इंग्रजी उत्तम होतं. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे इंग्रजीत म्हणाले, "माझ्या सासूबाईसुद्धा."

घरी येताना आई जावयाला म्हणाली, "भाग्यवान आहेत हो तुमचे साहेब."